संकुलातील योगवर्गासाठी शिक्षक निवडताना नेमके काय पाहावे?

ठाणेकरीण

नमस्कार. ठाण्यातील आमच्या गृहसंकुलात ज्येष्ठ नागरिक संघ आणि महिला मंडळ यांनी मिळून सकाळचा योगवर्ग सुरू करायचे ठरवले आहे. तळमजल्यावरचे सभागृह मिळाले आहे, सतरंज्या आहेत, पंचवीसेक जणांनी नावेही दिली आहेत. अडले आहे ते शिक्षकांपाशी. नावे देणाऱ्यांमध्ये दिवसभर संगणकासमोर बसून पाठ धरलेली तिशीतली मुले आहेत, काही महिन्यांपूर्वी बाळंत झालेली एक जण आहे, दोन्ही गुडघ्यांचे सांधेरोपण झालेले एक आजोबा आहेत आणि काचबिंदूची औषधे घेणाऱ्या एक काकू आहेत. याखेरीज, "मला खाली बसताच येत नाही, मग मी येऊन काय करू?" असे म्हणत नाव न दिलेली मंडळीही बरीच आहेत. वर्ग खरे तर त्यांच्यासाठीच व्हावा, अशी आमची इच्छा आहे.

आमच्यासमोर तीन नावे आहेत. पहिला एक उत्साही तरुण प्रशिक्षक असून त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे आणि अवघड आसनांची त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर बरीच पाहिली जातात. दुसरे नाव बँकेतून निवृत्त झालेल्या एका ताईंचे आहे. त्या एका सेवाभावी संस्थेत शिकल्या, तेथेच अनेक वर्षे शिकवत आहेत आणि त्यांना मानधन नको आहे. तिसऱ्या शिक्षिकेने योगशास्त्रात पदविका घेतली आहे, त्यांचे शुल्क बऱ्यापैकी आहे आणि वर्ग सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलण्याचा त्यांचा आग्रह आहे. आमच्या समितीतील काहींना हा आग्रह म्हणजे उगाचचे सोपस्कार वाटतात. योगातले आम्हा कोणालाच फारसे कळत नाही. अशा वेळी शिक्षकाची पारख कशावरून करावी?

मॉडेल_कॉलनी

तिघांचाही एकेक वर्ग ठेवा आणि त्या वेळी आसनांकडे न पाहता शिक्षकाच्या नजरेकडे पाहा. जो शिक्षक पूर्ण वेळ पुढे बसून स्वतःच आसने करतो आणि मागच्यांनी ती पाहून करावीत अशी अपेक्षा ठेवतो, त्याला शेवटच्या रांगेतल्या आजोबांनी श्वास रोखून धरला आहे की नाही, हे कळायला मार्गच नसतो. चांगला शिक्षक आसन एकदा दाखवतो, मग उठून रांगांमधून फिरतो. सूचनाही तो "पाय ताठ करा" एवढ्यावर सोडत नाही. टाच, गुडघा, मांडी असे एकेक ठिकाण सांगतो, आणि समोरच्याला ते कळले नाही असे दिसले, तर तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगतो.

मी पुण्यात अय्यंगार पद्धतीने शिकलो, त्यामुळे माझे मत थोडे एकांगी असू शकेल. परंतु आपल्याला ज्या मंडळींसाठी वर्ग हवा आहे, त्यांच्यासाठी या पद्धतीने एक मोठी सोय करून ठेवली आहे. या पद्धतीचे प्रवर्तक बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली शिकवण्यासाठी पुण्यात आले, तेव्हा ते अवघे अठरा-एकोणीस वर्षांचे होते आणि त्यांचे बालपण हिवताप, विषमज्वर, क्षय अशा आजारांत गेले होते. त्यांच्या कन्या गीताताई यांनाही लहानपणी मूत्रपिंडाचा गंभीर विकार झाला होता. दुखऱ्या शरीराकडे पाहण्याची या दोघांची दृष्टी अशा पूर्वायुष्यातून आली असावी, असे मला नेहमी वाटते. मॉडेल कॉलनीतील त्यांची संस्था १९७५ साली सुरू झाली. पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, भिंतीला अडकवलेले दोर आणि खुर्च्या यांचा जो वापर आज जगभर दिसतो, तो याच परंपरेतून रूढ झाला.

याचा आपल्या वर्गात उपयोग असा, की त्रिकोणासनात हात जमिनीपर्यंत पोहोचत नसेल, तर त्याखाली ठोकळा ठेवता येतो. तोल जात असेल, तर पाठ भिंतीला लावून उभे राहता येते. खाली बसता येत नसेल, तर खुर्चीवर बाजूला तोंड करून बसून, खुर्चीची पाठ हातांनी धरून भारद्वाजासनातला पीळ देता येतो. ज्यांना पाय वर नेण्याची विपरीत करणी झेपत नाही, त्यांना सतरंजीवर पाठ टेकून पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या, तरी पुष्कळ आराम मिळतो. म्हणजे "मला खाली बसता येत नाही" हे वर्गाला न येण्याचे कारण राहत नाही. शिक्षकाला मात्र खुर्ची वापरून शिकवता आले पाहिजे. तिन्ही उमेदवारांना सरळ विचारा: "जमिनीवर बसू न शकणाऱ्या माणसाला आपण तासभर काय शिकवाल?" ज्याचे उत्तर "ते नुसते प्राणायाम करतील" एवढ्यावर संपते, त्याने या प्रश्नाचा फारसा विचार केलेला नाही, असे समजावे.

साहित्यासाठी खर्चाची धास्ती घेऊ नये. हात नसलेल्या, न घसरणाऱ्या लोखंडी घडीच्या खुर्च्या बहुतेक सभागृहांत असतातच, आणि ठोकळे सुताराकडून करून घेतले तरी चालतात. कडा तेवढ्या घासून गोल करायला सांगाव्यात.

रामनगर_नागपूर

वरील प्रतिसाद उत्तम आहे. परंतु दुसऱ्या ताईंचे मानधन शून्य आहे, म्हणून त्यांच्याकडे कमी गांभीर्याने पाहिले जाऊ नये, एवढ्यासाठी लिहीत आहे.

आमच्या नागपुरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने कित्येक दशके हेच काम केले आहे. जनार्दनस्वामींनी रामनगरात सुरू केलेल्या या कामाचे स्वरूप असे, की वर्गात शिकायला आलेला साधकच पुढे शिक्षक होतो आणि मोबदला न घेता आपल्या वस्तीत, बागेत किंवा देवळाच्या सभामंडपात वर्ग चालवतो. योगाभ्यास यथाशक्ती आणि निरंतर करावा, हे स्वामींचे सांगणे तेथे नवख्या माणसालाही पहिल्याच दिवसापासून ऐकायला मिळते, आणि त्यातल्या 'यथाशक्ती'कडे शिक्षकांचे लक्ष खरोखरच असते. आपल्या ठाण्यातही निकम गुरुजींनी उभे केलेले श्री अंबिका योग कुटीर आहे. तेथील शिक्षकसुद्धा सेवाभावानेच शिकवतात. तेव्हा आपल्या शहराला ही रीत मुळीच नवी नाही.

अशा शिक्षकांचे बळ वेगळ्या ठिकाणी असते. ते त्याच वस्तीत राहतात. कोण आठवडाभर दिसले नाही, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाला मुलगा परदेशी गेल्यापासून करमत नाही, हे त्यांना ठाऊक असते, आणि संध्याकाळी भाजी घेताना भेट झाली तर "उद्या या हो" असे म्हणण्यात त्यांना संकोच वाटत नाही. नाव न दिलेल्या आपल्या मंडळींना सभागृहाच्या दारापर्यंत आणण्याचे काम पदविकेपेक्षा या ओळखीनेच अधिक होईल. शिवाय त्या ताई स्वतः साठीच्या पुढे असतील, तर त्यांना वाकताना पाहूनच निम्म्या लोकांची भीती जाईल.

त्यांना एकच गोष्ट विचारून घ्यावी. एखाद्या आजाराबद्दल माहिती नसेल, तर त्या तसे स्पष्ट सांगतात का? सेवाभावी वर्गांत क्वचित असे होते, की प्रत्येक दुखण्यावर एकेक आसन ठरलेले असते आणि ते भक्तिभावाने सुचवले जाते. "हे मला ठाऊक नाही, आपण डॉक्टरांना विचारून या," असे म्हणणारा शिक्षक मिळाला, तर त्याला सोडू नये.

स्पष्टच_बोलतो

फुकटच्या वर्गाची गळती लवकर सुरू होते, हे आमच्या भागात मी पाहिले आहे. ज्यासाठी पैसे मोजलेले नाहीत, त्यासाठी पहाटे उठायला माणूस लवकर कंटाळतो, आणि शिक्षकालाही आपण उपकार करतो आहोत असे वाटू लागले, की त्याला वेळेबद्दल जाब विचारता येत नाही. थोडे का होईना, शुल्क ठेवावे.

रामनगर_नागपूर

गळती शुल्क घेणाऱ्या वर्गांतही होते. फरक एवढाच, की तेथे शुल्क आधीच भरलेले असते.

सांधे_आणि_स्नायू

मी भौतिकोपचार (फिजिओथेरपी) करते आणि योगवर्गातून दुखावून आलेले रुग्ण अधूनमधून माझ्याकडे येतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना कोणी अघोरी काही करायला लावलेले नसते. सर्वांना सरसकट एकच आसन एकाच खोलीपर्यंत करायला सांगितलेले असते. म्हणूनच तिसऱ्या शिक्षिकेचा आधी बोलण्याचा आग्रह मला सोपस्कार वाटत नाही, तर त्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा वाटतो.

आपण दिलेल्या उदाहरणांपुरतेच लिहिते. काचबिंदू असलेल्या काकूंनी डोके हृदयाच्या खाली जाईल अशा स्थिती टाळाव्यात. शीर्षासनात डोळ्यांतील दाब दुपटीच्या आसपास जातो, असे मोजमापांतून दिसले आहे, आणि सर्वांगासन, हलासन किंवा उभ्याने पुढे वाकून बराच वेळ धरलेले साधे उत्तानासनसुद्धा निर्धोक म्हणता येत नाही. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांपैकी ज्यांच्या दृष्टिपटलावर परिणाम झाला आहे, त्यांनी याच्या जोडीला जोरकस कपालभातीही नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नये. सांधेरोपण झालेल्या आजोबांना वज्रासनाचा आग्रह अजिबात करू नये. जेवणानंतर वज्रासन चांगले असते, हे ऐकून कृत्रिम गुडघ्यावर बसू पाहणारे रुग्ण मला भेटले आहेत. बाळंतपणानंतर पोटाच्या मधल्या स्नायूंमध्ये अंतर राहिलेले असू शकते. अशा वेळी नौकासन किंवा दोन्ही पाय एकदम उचलण्याचे उत्तानपादासन यांपासून सुरुवात करणे चुकीचे ठरते, आणि शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असेल, तर प्रसूतितज्ज्ञांची परवानगी आधी हवी.

एका गोष्टीकडे सहसा कोणाचेच लक्ष जात नाही, म्हणून ती सविस्तर सांगते. साठीपुढील कित्येक स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असतात आणि त्यांना स्वतःला ते माहीत नसते. अशा पाठीला पश्चिमोत्तानासनात गोल करून पुढे ओढले, तर मणक्याचा पुढचा भाग दबून तेथे अस्थिभंग होऊ शकतो. तो होताना प्रत्येक वेळी मोठी कळ येतेच असे नाही, आणि मग "पाठ जरा धरली आहे" म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. नाकाने गुडघ्याला स्पर्श करणे हे आसनाचे उद्दिष्ट म्हणून सांगणारा शिक्षक या वयोगटासाठी मी निवडणार नाही. पाठ लांब ठेवून कमरेतून थोडेसे झुकणे पुरेसे असते. उभ्याने भिंतीला हात लावूनही ते करता येते. तोल सांभाळण्याचा सराव मात्र या वयात आवर्जून हवा, कारण ठिसूळ हाडांना खरा धोका पडण्याचा असतो, आणि भिंतीशेजारी उभे राहून केलेल्या ताडासनासारख्या, वृक्षासनासारख्या साध्या आसनांतून तो सराव चांगला होतो.

सावकाश_श्वास

मी योगशिक्षिका आहे. माझे शिक्षण लोणावळ्यात कैवल्यधामात झाले. तेथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली आश्रम स्थापला, तेव्हापासूनच योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत मोजून पाहण्याची परंपरा आहे. त्यामुळे आसनात झटके नकोत, ओढाताण नको आणि दोन आसनांमध्ये विश्रांती हवी, हे आमच्या अंगवळणी पडलेले असते. पुण्याच्या पद्धतीत आसनातील बारकाव्यांवर भर असतो, आमच्याकडे सावकाशीवर. दोन्ही पद्धतींचे चांगले शिक्षक असतात आणि घाई करणारेही असतात. म्हणून परंपरेच्या नावावरून निर्णय घेऊ नये.

प्रमाणपत्राविषयी मात्र थोडी माहिती असलेली बरी, कारण 'प्रमाणित' या शब्दाआड पुष्कळ काही लपते. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या पायऱ्यांमध्ये योग स्वयंसेवकासाठी ३६ तासांचा अभ्यासक्रम आहे, प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरसाठी २०० तासांचा, वेलनेस इन्स्ट्रक्टरसाठी ४०० तासांचा, आणि त्यापुढे आणखी पायऱ्या आहेत. योगोपचारांसाठीची शिडी यापासून वेगळी आहे. दोनशे तास म्हणजे महिनाभराच्या निवासी अभ्यासक्रमातही पूर्ण होणारी गोष्ट आहे. निरोगी माणसांना ठरलेला क्रम नीट शिकवण्यासाठी तेवढे शिक्षण पुरू शकते. काचबिंदू आणि सांधेरोपण एकाच सभागृहात असतील, तर पुरत नाही. म्हणून त्या तरुणाला प्रमाणपत्र आहे का, असे न विचारता ते कोणत्या पायरीचे आहे, आणि त्यानंतर त्याने कोणाच्या हाताखाली किती काळ शिकवले, असे विचारावे. त्याच्यावर येथे सर्वांनी न भेटताच जवळजवळ काट मारली आहे, ती मला पटत नाही. अवघड आसने करता येणे आणि त्यांची छायाचित्रे लावणे हा काही दोष नव्हे. तिशीतल्या आपल्या मुलांना सूर्यनमस्कार आणि उभ्याची दमदार आसने शिकवायला तो कदाचित सर्वांत योग्य असेल. त्यांना ज्येष्ठांच्या संथ वर्गात बसवले, तर ती पंधरवड्यात येईनाशी होतील.

पंचवीस जणांच्या मिश्र गटाला एकटा शिक्षक पुरा पडत नाही, हे माझे ठाम मत आहे. मी आपल्या जागी असते, तर तिसऱ्या शिक्षिकांना मुख्य शिक्षिका नेमून योग्य ते शुल्क दिले असते, दुसऱ्या ताईंना सहशिक्षिका म्हणून मागच्या रांगांमध्ये उभे राहण्याची विनंती केली असती आणि तरुण प्रशिक्षकाला आठवड्यातले दोन दिवस उशिराचा वेगळा वर्ग दिला असता. शुल्काबद्दल घासाघीस करू नये, अशीही विनंती आहे. तासाभराच्या वर्गामागे शिक्षकाचा प्रवास असतो, पूर्वतयारी असते, आणि वर्ग संपल्यावर दारात थांबून चार जणांच्या शंका ऐकण्यात गेलेला अर्धा तास असतो. हा अर्धा तास कोणीच मोजत नाही.

ठाणेकरीण

सर्वांचे मनापासून आभार. समितीपुढे हे सर्व प्रतिसाद वाचून दाखवले आणि तिसऱ्या शिक्षिकांच्या आग्रहाला असलेला विरोध मावळला. आणखी दोन शंका आहेत. आमच्या संकुलात मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबेही राहतात. वर्गाच्या आरंभी प्रार्थना आणि ओंकार ठेवल्यास त्यांना परके वाटेल का? दुसरी शंका थोडी नाजूक आहे. आसन सुधारण्यासाठी शिक्षक हात लावतात, ते काही स्त्रियांना नको आहे. परंतु असे सांगितले, तर शिक्षकांचा अपमान होईल, अशी त्यांना भीती वाटते.

सावकाश_श्वास

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देते, कारण त्यात अजिबात संदिग्धता नको. स्पर्श करण्यापूर्वी शिक्षकाने विचारले पाहिजे, आणि "नको" हे उत्तर कारण न विचारता मान्य केले पाहिजे. शिक्षक स्त्री असो वा पुरुष, नियम तोच. पहिल्या दिवशी हे मुख्य शिक्षिकेनेच सर्वांसमोर सांगावे, म्हणजे कोणा एकीला ते बोलून दाखवावे लागत नाही. नेमक्या शब्दांनी, पट्ट्याने किंवा भिंतीच्या आधाराने जवळजवळ सर्व सुधारणा करता येतात. यात जो अपमान मानेल, त्याला आपल्या वर्गावर नेमू नये.

प्रार्थनेविषयी माझी रीत अशी आहे, की आरंभी दोन मिनिटे सर्वांनी डोळे मिटून शांत बसावे. ज्यांना ओंकार म्हणायचा आहे, त्यांनी तो म्हणावा. इतरांनी केवळ लांब श्वास सोडावा किंवा ओठ मिटून भ्रामरीसारखा गुंजारव करावा. कोण काय करते आहे, याकडे शिक्षकाने पाहू नये आणि त्याबद्दल वर्गात बोलूही नये. आंतरराष्ट्रीय योगदिनाच्या सामायिक अभ्यासक्रमाच्या आरंभी प्रार्थना आहे, पण सूर्यनमस्कार त्यात घेतलेले नाहीत. म्हणजे सर्वांना सामावून घेण्यासाठी काय ठेवायचे आणि काय वगळायचे, हा विचार त्या पातळीवरही करावा लागला. माझ्या वर्गातील एक ख्रिस्ती आजी त्या दोन मिनिटांत आपली स्वतःची प्रार्थना म्हणतात. मंत्र पाठ असण्याची अट घातली असती, तर त्या दुसऱ्या दिवशी आल्या नसत्या.

मॉडेल_कॉलनी

यात भाषेची भर घालतो. ठाण्यातील संकुल म्हणजे गुजराती, तमिळ, हिंदी भाषक शेजारी असणारच. शिक्षिकेने सूचना मराठीतच द्याव्यात, पण नवी सूचना एकदा हिंदीतही सांगावी. ज्यांना ऐकू कमी येते, त्यांना पहिल्या रांगेत, शिक्षिकेचा चेहरा दिसेल असे बसवावे. शवासनात डोळे मिटल्यावर पुढची सूचना त्यांना कळत नाही आणि सगळे उठून बसले तरी ते तसेच पडून राहतात. त्या वेळी सहशिक्षिकेने जवळ जाऊन हलकेच जाग आणावी, आणि त्यांना हे आधी सांगून ठेवावे.

ठाणेकरीण

मुख्य शिक्षिका, सहशिक्षिका आणि मुलांसाठी उशिराचा वेगळा वर्ग ही रचना तिघांनाही मान्य झाली आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या ताईंनी मानधन पुन्हा नाकारले. त्याऐवजी ती रक्कम दहा खुर्च्या आणि ठोकळ्यांसाठी वापरावी, असे त्यांनीच सुचवले. शुल्क ऐच्छिक न ठेवता सर्वांना सारखेच, पण माफक ठेवले आहे. ज्यांना तेही जड जाईल, त्यांचे शुल्क मंडळ भरेल आणि ती यादी केवळ कोषाध्यक्षांकडे राहील. पुढच्या सोमवारपासून चार दिवस मुख्य शिक्षिका प्रत्येकाशी दहा-दहा मिनिटे बोलणार आहेत. त्या वेळी लोकांनी सोबत काय आणावे, हे कोणी सांगू शकेल का?

सांधे_आणि_स्नायू

चालू असलेल्या औषधांची यादी किंवा सरळ औषधांची पाकिटेच आणावीत, कारण नावे तोंडपाठ नसतात. शस्त्रक्रिया झाली असेल, तर रुग्णालयातून सुटी मिळतानाचे कागद आणावेत. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना शवासनातून उठताना चक्कर येऊ शकते. त्यांनी आधी कुशीवर वळावे, क्षणभर थांबावे आणि मग हाताचा आधार घेऊन उठावे, हे शिक्षिका दाखवतीलच. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी योग उपाशीपोटीच करायचा असतो, या समजुतीने रिकाम्या पोटी येऊ नये. आधी थोडे काय खावे, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. सभागृहात साखरेची पुडी आणि पाणी ठेवावे, आणि ते कोठे ठेवले आहे, हे दोन्ही शिक्षिकांना माहीत असावे.